साताऱ्याची शाळा आणि बोर्डिंगातली भाकरी

नमस्कार मंडळी, आज जरा साताऱ्याच्या शाळांबद्दल बोलूया. तिथलं प्रतापसिंह हायस्कूल ऐकून माहीत असेलच, त्याच्या जुन्या रजिस्टरात १९१४ नंबरला एका पोराची नोंद सापडते, भिवा रामजी आंबेडकर, तारीख ७ नोव्हेंबर १९००. म्हणजे आपले बाबासाहेब, इंग्रजी पहिलीला नाव घातलं होतं. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, चांगलंच आहे.

पण मला विचाराल तर गावात शाळा असणं ही निम्मीच गोष्ट झाली. बाबासाहेबांचं बिऱ्हाड तरी साताऱ्यात होतं, माण-खटावकडच्या शेतकऱ्याचं पोरगं शिकायला आलं तर त्यानं झोपायचं कुठं, खायचं काय, आणि खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न जातीचाच!

ही अडचण बरोबर ओळखली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ ला कराड तालुक्यात काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग चालू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, पाणी पोरंच भरणार, भाकऱ्या पोरंच थापणार, शंभर वर्षांपूर्वी हं! आता ह्याला पैसा कुठून यायचा? धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पुतळे भाऊरावांचे दिसतात, वहिनींचं नाव कमी निघतं, हे मला खटकतं बुवा.

मग खेड्यात शिकवायला मास्तर हवेत म्हणून १९३५ ला ट्रेनिंग कॉलेज, १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, तेही फी न घेता. १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि तिथंही तीच रीत, कमवा आणि शिका, म्हणजे शेतात, बागेत राबायचं आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. ह्याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, कॉलेजचे प्रिन्सिपल झाले आणि पुढं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूसुद्धा.