आजीची ओळ कुठली?

नमस्कार श्रोतेहो. हातातली कामं चालू असतील तर चालू द्या, मी बोलते, तुम्ही ऐका.

विविधता म्हटलं की मला आधी शाळेचं गॅदरिंग आठवायचं. एक मूल पंजाबी फेट्यात, एक लुंगीत, एक काश्मिरी टोपीत आणि खाली सगळ्यांच्या टाळ्या. मी नाशिकरोडची, वडील प्रेसमध्ये नोकरीला, शेजारी तमिळ, गुजराती, बंगाली असे सगळे, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं असंच मी धरून चालले होते.

मग लग्न होऊन नाशिकच्याच सिडको वसाहतीत आले. सासर मूळचं सटाण्याकडचं, बागलाणातलं, घरात अहिराणी बोली. माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा पालक मीटिंगला सासूबाई सोबत निघाल्या, त्यांना मी आईच म्हणते, तर मी दारातच म्हटलं, "आई, तिथं जरा नीट बोला हं." नीट म्हणजे काय, तर अहिराणी नको. त्या काहीच बोलल्या नाहीत, पदर सारखा केला आणि मीटिंगमध्ये अख्खा तास गप्प बसल्या. त्यानंतर घरीपण नातीशी बोलताना आधी थांबायच्या, शब्द शोधायच्या आणि मग बोलायच्या. "आठे ये" बंद होऊन "इकडे ये बाळा" सुरू झालं. आणि मला तेव्हा बरं वाटत होतं, हे सांगताना आजही घसा दाटून येतो.

आमच्या वरच्या मजल्यावर बिहारचं कुटुंब राहतं. भैया अंबड एमआयडीसीत, भाभी घरी. भाभींना मराठी येईना, आईंना हिंदी येईना. एक दिवस दुपारी बघते तर दोघी गॅलरीत गप्पा मारतायत! आईंनी विचारलं, "काय करी राहिनी?" आणि भाभींनी लगेच उत्तर दिलं, कारण "कर रही" त्यांच्या रोजच्या कानावरचं, माझ्या "काय करताय"ला मात्र त्या अडायच्या. मी जी भाषा लपवत होते तिनंच ते दार उघडलं होतं.

दिवाळीनंतर भाभींची छठपूजा आली. भाभी प्रसादाचा ठेकुआ करत होत्या, गव्हाचं पीठ, गूळ, तूप, पाणी अगदी बेताचं, कारण पीठ सैल झालं तर ठेकुआ खुसखुशीत होत नाही, मग एकेक गोळा लाकडी साच्यावर दाबून नक्षी उठली की तळायचा. आई बघायला गेल्या तर भाभींनी त्यांना उंबऱ्याबाहेर पाट दिला, पिठाला हात लावू दिला नाही. मला राग आला. आईंना नाही आला. त्या म्हणाल्या, आपण तरी कानबाईचा रोट भाऊबंद सोडून कुणाला देतो का गं? खरंच की. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट होतात आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. प्रत्येक घराचं एक आतलं दार असतं, ते बंद दिसलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही, हे मला माझ्या ग्रॅज्युएशननं नाही, आईंनी शिकवलं. पूजा झाल्यावर रामकुंडावरून परत आल्या आल्या भाभींनी पहिला प्रसाद आमच्याच घरी दिला.

आणि भाभींसारख्यांना बाहेरचे म्हणायचं तर सिडकोत बाहेरचं कोण नाही? इथून जवळच पांडवलेणी, तिथल्या 17 नंबरच्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, आपलं दान कोरून ठेवलंय, तेसुद्धा प्राकृतात.

आता एका नोटेची गोष्ट. माझे वडील एकदा नातीला शंभराची नोट दाखवत होते, ही बघ, अशा नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात, मागच्या बाजूला हा पट्टा, 15 भाषा, बरोबर मधली आठवी ओळ मराठीची. ती बोट फिरवत फिरवत खालपर्यंत गेली आणि म्हणाली, "आजीची ओळ कुठली?"

कुणालाच काही बोलता आलं नाही. अहिराणी त्यात नाही, भाभींची भोजपुरीपण नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि आपल्याच जिल्ह्यातलं बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव, एवढ्या भागात बोलली जाणारी भाषा, पण तिची ओळ नाही. आणि नोटेला मी काय बोलणार, मी तर माझ्या घरातच ती ओळ पुसत होते.

त्या रात्री मी आईंजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, आई, माझं चुकलं, तुम्ही तिच्याशी तुमचंच बोला. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

मुलगी आता चौथीत आहे. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर टाकते, गॅलरीत जाते आणि मान वर करून ओरडते, "भाभी, काय करी राहिनी?" वरून आवाज येतो, "रोटी बना रही हूँ, आ जा ऊपर." आणि स्वयंपाकघरातून आई ओरडतात, "आधी आठे ये, हात धू!"

नमस्कार.