तिच्याकडे जेवढे, त्यात सहा

(दृश्य: गंजगोलाई, सायंकाळ. मग मोंढ्यातील अडत दुकान. हमाल शेवटचे कट्टे रचत आहेत.)

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथून थोड्या अंतरावर, मोंढ्यातील एका अडत दुकानाच्या माळ्यावर, दिवसभराची आवक वहीत उतरवून झाल्यानंतर एक मुनीम शर्टाच्या टोकाने चष्मा पुसतात आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यातून पत्त्यांचा एक गठ्ठा बाहेर काढतात. समोर बसलेली मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती त्यांना काका म्हणते आणि गेल्या तीन डावांत ती त्यांच्याकडून तीनही वेळा मारली गेली आहे.

(दृश्य: सतरंजीवर ओतलेले सोयाबीनचे दाणे.)

सतरंजीवर दिसणारे सोयाबीन विक्रीचे नाही. या खेळात पैशाला क्रेडिट म्हणतात. इथे एक दाणा म्हणजे एक क्रेडिट आणि एक चिंचोका म्हणजे पाच. कट्ट्याचे तोंड शिवायच्या सुतळीचे जे दोन-तीन बोटभर तुकडे बाजूला पडलेले दिसतात, त्यांचे काम पुढे येईल.

खेळाचे नाव नेटरनर. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९६ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला, तेव्हा आत कोणते पत्ते निघतील हे न कळणारी बंद पाकिटे विकत घ्यावी लागत. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली, तिच्यात पाकिटांचा जुगार संपला आणि ठरलेले पत्ते ठरलेल्या संचात मिळू लागले. २०१८ मध्ये तीही थांबली. त्यानंतर खेळाडूंनीच उभी केलेली, आज नल सिग्नल गेम्स या नावाने चालणारी स्वयंसेवी संस्था नवे पत्ते काढते आणि घरी छापून घेण्यासाठी त्यांच्या प्रती मोफत उपलब्ध करून देते. मधल्या काळातील एक पत्तामालिका भविष्यातील भारतातल्या मुंबाद नावाच्या महानगरात घडते. तिच्या एका संचाला काळा घोडा आणि दुसऱ्याला साष्टी बेटाचे नाव मिळाले. गंजगोलाईचा नंबर अजून लागायचा आहे.

(दृश्य: झेरॉक्सच्या दुकानातील कागद कापण्याचे यंत्र, मग काकांचे हात.)

नवे पत्ते झेरॉक्सच्या दुकानात छापून होतात. काकांचा जीव मात्र २०१२ च्या जुन्या पत्त्यांवर आहे, आणि ते लातुरात विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्यांनी प्रत्येक पत्त्याचा मजकूर पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदावर शाईने लिहिला, तो तुकडा पारदर्शक पाकिटात घातला आणि मागे आधारासाठी रमीचा एक जुना पत्ता सरकवला. त्यामुळे पत्ता पालथा केला की सगळे सारखेच दिसतात, आणि या खेळात पत्ते पालथे राहणे हेच अर्धे युद्ध असते. अक्षर मोंढ्यातील वहीचे, उजवीकडे किंचित झुकलेले, आकडे मात्र स्वच्छ उभे. 'स्कॉर्च्ड अर्थ' या पत्त्यावर त्यांनी 'राखरांगोळी' असे लिहिले आहे. 'स्नेअर' झाला 'फास', 'सी सोर्स' झाला 'मागमूस', 'हंटर' झाला 'शिकारी'. 'हेज फंड'चे त्यांनी 'कुंपणनिधी' केले; हे भाषांतर बरोबर नाही हे आम्ही त्यांच्या नजरेस आणून दिले, पण पत्ता एकदा लिहिला की खोडायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. चारशेहून अधिक पत्ते असे लिहून झाले आहेत. या हस्तलिखित संचाएवढी सुंदर वस्तू या खेळाच्या नावाने छापली गेली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

(दृश्य: पट मांडला जातो.)

नेटरनरमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकीकडे महाकाय कंपनी, जी आपले सर्व पत्ते पालथे ठेवते; दुसरीकडे एकटा घुसखोर, म्हणजे रनर, जो कंपनीच्या हातावर, गठ्ठ्यावर, टाकलेल्या पत्त्यांवर किंवा पटावर मांडलेल्या पालथ्या पत्त्यांवर धाड घालतो. कंपनीला प्रत्येक पाळीत तीन क्लिक मिळतात, रनरला चार, आणि क्लिक म्हणजे एक कृती. कंपनीच्या गठ्ठ्यात अजेंडा नावाचे पत्ते असतात. त्यांचे सात गुण आधी मिळवील तो जिंकतो. पण कंपनीपुढे दुसराही एक मार्ग असतो. रनरला इजा झाली की तितके पत्ते त्याच्या हातातून, न निवडता, टाकले जातात, आणि हातात असलेल्या पत्त्यांहून इजा जास्त झाली तर रनर मरतो. हातात साधारण पाच पत्ते असतात. तेवढेच प्राण.

काकांचा गठ्ठा याच दुसऱ्या मार्गाचा आहे. त्यात अजेंडे आहेत, कारण नियमानुसार ते ठेवावेच लागतात. पंचेचाळीस पत्त्यांत वीस-एकवीस गुणांचे. परंतु ते आमिष म्हणून.

(दृश्य: तीन पत्ते शेजारी शेजारी: मागमूस, राखरांगोळी, राखरांगोळी.)

रनरला मारण्याचा मूळ आराखडा या तीन पत्त्यांचा आहे. मागच्या पाळीत रनरची धाड यशस्वी झाली असेल तरच 'मागमूस' खेळता येतो. त्याची किंमत दोन. तो यशस्वी झाला तर रनरला टॅग लागतो, म्हणजे त्याचा ठावठिकाणा उघड होतो, आणि त्याच्यापुढे सुतळीचा तुकडा ठेवला जातो. टॅग लागलेल्यावरच 'राखरांगोळी' खेळता येते. किंमत तीन, इजा चार. दोनदा खेळली की आठ. एक क्लिक माग काढायला, दोन क्लिक जाळायला, अशी कंपनीची पाळी बरोबर संपते. रनरला आपल्या पाळीत एक क्लिक आणि दोन क्रेडिट देऊन सुतळी काढून टाकता येते, पण इथे त्याची पाळी येतच नाही.

खरी झुंज मधल्या पायरीवर होते. माग लागतो की नाही, हे लिलावाने ठरते. कंपनीच्या बाजूने तीन आधीच धरलेले असतात. त्यावर ती हवे तेवढे दाणे लावते, मग रनर आपले दाणे लावतो, आणि बरोबरी झाली तर रनर सुटतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून होणारा हा सौदा नव्हे. हा मोंढ्यातला उघडा लिलाव आहे, ज्यात समोरच्याच्या गाठीला किती आहेत हे सगळ्यांना दिसत असते. म्हणून काका पत्त्यांकडे कमी आणि समोरच्या दाण्यांकडे जास्त बघतात. त्यांचे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे: 'तिच्याकडे जेवढे, त्यात सहा.' तिच्याकडे चार दाणे असतील तर काकांना दहा हवेत. दोन 'मागमूस'चे, तीन अधिक दोन असे पाच करण्यासाठी दोन लिलावाचे, आणि सहा दोन राखरांगोळ्यांचे.

पारध्याने सावजाला दमवावे तसे हा गठ्ठा रनरला खर्चात पाडतो. 'शिकारी' नावाचा पत्ता प्रत्यक्षात शिकार करत नाही. तो कंपनीच्या दारावर बसणारा स्वस्त पहारेकरी आहे, तिथेही असाच तीनपासून सुरू होणारा लिलाव होतो, आणि रनरने तीन दाणे मोजले की तो सहीसलामत पुढे जातो. हलका, बिनकामाचा पत्ता म्हणून अनेक खेळाडू तो गठ्ठ्यात घेतही नाहीत. आमच्या मते ती चूक आहे, कारण ते तीन दाणे गेलेच.

(दृश्य: प्रत्यक्ष डाव. मुलीची बोटे दाणे मोजत आहेत; ओठ हलत आहेत.)

हा डाव आम्ही पूर्ण चित्रित केला. तिच्याकडे नऊ, काकांकडे तेरा. पहिल्या क्लिकला ती पटावरील पालथ्या पत्त्यावर धाड घालते. काका एक दाणा देऊन 'शिकारी' उघडतात. ती तीन मोजून पुढे जाते, आत सापडलेली मालमत्ता नष्ट करायला दोन देते, आणि तिच्याकडे चार उरतात. काकांकडे बारा आहेत, आणि दहा पुरेसे आहेत. इथे ती थांबते. उरलेल्या तीनही क्लिकांत ती फक्त एकेक दाणा उचलते. चाराचे सात झाले. आता तेरा हवेत, काकांकडे बारा. एका दाण्याने ती टप्प्याबाहेर गेली आहे, आणि दोघांनाही ते कळले आहे.

(दृश्य: काकांचा चेहरा. निवेदन नाही.)

काका 'कुंपणनिधी' खेळतात. पाच भरून नऊ उचलतात, बाराचे सोळा होतात. मग एक नवा पत्ता पालथा ठेवतात आणि एक दाणा खर्चून तो पुढे नेतात, जणू अजेंडा पूर्ण करत आणला आहे. उरले पंधरा. तो पत्ता अजेंडा असेल तर तिला तो मिळवायलाच हवा. नसेल तर तिकडे जाणे जिवावर बेतेल. "घे माय, तुझा डाव," एवढेच ते म्हणतात.

ती त्या पत्त्याकडे जात नाही. तीन क्लिक, तीन दाणे, सातचे दहा. दहात सहा मिळवले तर सोळा, काकांकडे पंधरा. हिशेब पुन्हा तिच्या बाजूने लागला आहे. चौथा क्लिक हातात आहे आणि कंपनीचा गठ्ठा समोर. ती गठ्ठ्यावर धाड घालते आणि सर्वांत वरचा पत्ता उलटते.

(दृश्य: जवळून. 'फास'. उजवीकडे झुकलेले अक्षर.)

'फास' उघडला की कंपनी चार दाणे देऊन तीन इजा करते आणि वर एक टॅग लावते. तिच्या पाच पत्त्यांतले तीन जातात. सुतळीचा तुकडा तिच्यापुढे येतो. तो काढायला दोन दाणे आहेत, पण क्लिक नाही. सहाचे सूत्र 'मागमूस'साठी होते. इथे माग तिने स्वतःच आणून दिला. तीन दाणे, एक राखरांगोळी, दोन पत्त्यांवर चार इजा. शेवटच्या क्लिकला धाड घालू नये, हा या गठ्ठ्यासमोर बसणाऱ्याचा पहिला नियम आहे आणि तो तिला पाठ होता.

पुण्यात झालेल्या एका स्पर्धेत काकांचा हा गठ्ठा पहिल्याच फेरीत हरला; माळ्यावर जमणारे सात जण आता चारच राहिले आहेत, आणि नवी आवक ठेवण्यासाठी माळा रिकामा करावा, असे मालकांनी सांगितले आहे.

(दृश्य: दाणे ओंजळीने डब्यात परत जातात.)

एका गठ्ठ्यात कोणत्याही पत्त्याच्या तीनपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. म्हणजे आणखी दोनच 'फास' असू शकतात, असे ती मोठ्याने म्हणते आणि काकांकडे बघते. काका सुतळीचे तुकडे मोजून डब्यात टाकतात, झाकण लावतात आणि पत्ते पिसायला घेतात.