छातीवर ‘मुंबई’

(दृश्य: रत्नागिरी, सकाळ. मैदान आखलं जातंय.)

जांभ्याची तांबडी माती. तिच्यावर फक्कीची पांढरी रेघ. इथे कबड्डीच्या चढाईला निघालेला हा पोरगा निवड चाचणीत टिकला, तर त्याच्या जर्सीवर रत्नागिरी नसेल. ‘मुंबई विद्यापीठ’ असेल. पालघर ते सिंधुदुर्ग, बहुतेक महाविद्यालयं त्याच विद्यापीठाची. चर्चगेटचा आणि सावंतवाडीचा खेळाडू एका संघात येतो तो असा. चाचणीला मात्र एक लोकलने येतो, दुसरा रातराणीने.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

विद्यापीठांनी आपसात खेळावं, ही व्यवस्था लागली कशी? 1924 साली सिमल्यात कुलगुरूंची परिषद भरली आणि 23 मार्च 1925 रोजी मुंबईत आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालं. काम होतं एकमेकांच्या पदव्या मान्य करणं वगैरे. कागदांचं.

चुरस आणली क्रिकेटने. मुंबईच्या बारिया कुटुंबाने रोहिंटन या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ करंडक दिला आणि 1935-36च्या हंगामापासून विद्यापीठं त्यासाठी झुंजू लागली. आधी ही स्पर्धा क्रिकेट नियामक मंडळ भरवत असे. पुढे ती विद्यापीठांच्याच क्रीडा मंडळाकडे आली. 1971 साली वेस्ट इंडीज गाजवण्याआधी सुनील गावस्कर मुंबई विद्यापीठाकडून हेच क्रिकेट खेळत होते.

1956-57पासून विद्यापीठांच्या सगळ्या खेळांतल्या वर्षभराच्या एकूण कामगिरीसाठी मौलाना आझाद करंडक सुरू झाला. पहिल्या वर्षी तो मुंबईनेच नेला. त्या यशात कोकणातल्या घामाचा वाटा किती, हे करंडकावर कोरलेलं नसतं.

1973मध्ये आंतरविद्यापीठ मंडळाचं नाव बदलून भारतीय विद्यापीठ संघ झालं. मैदानावर सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी म्हणतात ‘एआययू’. बहुतेक सांघिक खेळांत आधी विभागीय स्पर्धा, आपला विभाग पश्चिम; तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीत. 2020पासून त्याच्याही पुढे ‘खेलो इंडिया’ची विद्यापीठ स्पर्धा आहे. पहिली भुवनेश्वरला झाली.

स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून उठते, विरते. तोवर ‘कोकण’ हे नाव अभिमानाने मिरवतं दापोलीचं कृषी विद्यापीठ, 1972पासून. म्हणजे छातीवर कोकण हवं असेल, तर शेतकी शिकायची!

(दृश्य: पुन्हा मैदान.)

शिट्टी वाजते. पोरगा मध्यरेषेला हात लावतो, तोच हात कपाळाला. ‘कबड्डी, कबड्डी...’ पुढच्या महिन्यात पायाखाली मॅट असेल. आज गुडघा सोलवटलाय, तांबडा.