अल्बर्टा किंग : चाळीस वर्षं ऑर्गनपाशी

हे अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं, ऑबर्न अव्हेन्यूवरचं घर. १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन लूथर किंग इथं जन्मले. घर मात्र त्यांच्या आईच्या, अल्बर्टा यांच्या माहेरचं, आजोबांनी घेतलेलं. जवळचं एबनेझर चर्चही याच आजोबांनी, रेव्हरंड विल्यम्स यांनी, नावारूपाला आणलं. मार्टिन यांचे वडील त्या चर्चचे पाद्री झाले ते सासऱ्यांच्या पाठोपाठ. तरीही कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या आंदोलनाच्या इतिहासात अल्बर्टा यांच्या वाट्याला जेमतेम एखादं वाक्य येतं. हा अन्याय आहे.

अल्बर्टा शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि थोडे दिवस त्यांनी शिकवलंही. १९२६ साली लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण अटलांटाच्या शाळांत विवाहित स्त्रियांना शिकवायला मनाई होती. त्यांनी पुस्तकं मात्र बाजूला ठेवली नाहीत. तीन मुलांचं सगळं करून १९३८ साली त्या पदवीधर झाल्या. १९३२ पासून एबनेझरमध्ये ऑर्गन वाजवायच्या त्याच, आणि गायकवृंद उभा केला तोही त्यांनीच.

मार्टिन सहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. समोरच्या दुकानदाराचा गोरा मुलगा त्याचा सवंगडी होता. शाळा सुरू झाल्या, दोघांच्या वेगवेगळ्या. मग एके दिवशी तो मित्र म्हणाला, बाबांनी तुझ्याशी खेळू नको म्हणून सांगितलंय. मार्टिन घरी येऊन विचारू लागला, असं का? आईनं त्याला मांडीवर घेतलं. गुलामगिरी काय होती आणि यादवी युद्धानंतर ती कशी संपली, ते सांगितलं. वेगळ्या शाळा, वेगळी उपाहारगृहं, पाण्याच्या नळांवरच्या ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा पाट्या, ही सगळी समाजानं घडवलेली स्थिती आहे, निसर्गाचा नियम नव्हे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, तू कुणाहीपेक्षा कमी नाहीस.

माणसांनी केलेलं माणसांना मोडता येतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती हा विचार देणं, हेच मला या आईचं सर्वांत मोठं काम वाटतं.

पण त्याच शहरात त्यांना राहायचंही होतं. डिसेंबर १९३९ मध्ये एका बड्या चित्रपटाच्या शुभारंभानिमित्त गोऱ्यांचा समारंभ झाला. तिथं एबनेझरचा गायकवृंद गुलामांच्या वेषात गायला. नेतृत्व अल्बर्टा यांचं होतं आणि मुलांमध्ये दहा वर्षांचा मार्टिनही होता. कृष्णवर्णीय पाद्र्यांनी यावर टीका केली. हा प्रसंग झाकून ठेवू नये. ताठ मानेनं जगायला शिकवणाऱ्या माणसालाही तिथं काय काय सोसावं लागत होतं, ते यातून कळतं.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी धाकटा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडून गेला. अल्बर्टा चर्चमध्ये येत राहिल्या, वाजवत राहिल्या.

३० जून १९७४, रविवार. अल्बर्टा ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत असताना चर्चमध्ये बसलेला एक तरुण उठला आणि त्यानं गोळ्या झाडल्या. त्याला खरं तर त्यांच्या पतीला मारायचं होतं. अल्बर्टा गेल्या, चर्चचे एक सेवकही गेले.

मारेकऱ्याला मृत्युदंड सुनावला गेला. किंग कुटुंबाचा मृत्युदंडालाच विरोध होता, आणि आईच्या मारेकऱ्याच्या बाबतीतही त्यांनी तो विरोध सोडला नाही. १९९५ साली त्याची शिक्षा जन्मठेपेवर आली, त्यामागे त्यांचा हा विरोधही होता.