बुरशीचा शेजार

श्रोतेहो, नमस्कार.

बुरशी म्हटले की ओलसर भिंतीवरचे काळे डाग, विटलेले अन्न किंवा त्वचेवरचा नायटा एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते, आणि ती दिसली रे दिसली की पुसून टाकावी असे वाटते. परंतु ज्या जीवसृष्टीचा आपण भाग आहोत ती बुरशीवाचून आजच्या रूपात उभीच राहिली नसती. ही बुरशी कधी तारते आणि कधी मारते, हे पुष्कळदा भोवतालच्या परिस्थितीवर ठरते, आणि ती परिस्थिती गेल्या दीडशे वर्षांत माणसाने फार झपाट्याने बदलली आहे. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

कितीतरी काळ बुरशीची गणना वनस्पतींत होत असे. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ साली सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा कवकांना, म्हणजेच सर्व प्रकारच्या बुरशींना, स्वतःची सृष्टी मिळाली. पुढे जनुकांच्या अभ्यासातून असे दिसून आले की बुरशीचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे. आजवर सुमारे दीड लाख जातींची नोंद झाली आहे, आणि प्रत्यक्षात त्या वीस लाखांहून अधिक असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

बुरशी समजून घ्यायची तर आधी तिचे खाणे समजून घ्यावे लागते. प्राणी अन्न पोटात घेतो आणि मग पचवतो; बुरशी स्वतःच अन्नात शिरते. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे बारीक तंतू टोकाकडून वाढत लाकडात, मातीत किंवा पेशींच्या फटींत घुसतात, पाचक विकरे बाहेर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. जमिनीवर दिसणारी भूछत्री हा केवळ बीजाणू पसरवण्यासाठी तात्पुरता उगवलेला अवयव असतो. खरा देह खाली पसरलेला असतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या मल्हूर जंगलात आर्मिलारिया या बुरशीचा एकच जीव नऊ चौरस किलोमीटरांहून अधिक जागा व्यापून आहे, आणि त्याचे वय हजारो वर्षांचे मानले जाते.

अन्न मेलेले असेल तर हे खाणे म्हणजे कुजवणे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्य इतके चिवट असते की ते पूर्णपणे मोडून काढणे बुरशीच्या मोजक्या गटांनाच नीट साधले आहे. जंगलात पडलेला ओंडका जवळून पाहिला तर कोणी काम केले तेही ओळखता येते. लाकूड पांढुरके, मऊ आणि तंतुमय झाले असेल तर लिग्निन खाल्ले गेलेले असते. तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडत असतील तर लिग्निन मागे ठेवून बाकीचे संपवलेले असते. हे काम थांबले तर झाडांनी साठवलेले कर्ब आणि क्षार मृत लाकडातच अडकून पडतील.

अन्न जिवंत असेल तेव्हा मात्र दोन्ही बाजूंना काहीतरी तोडगा काढावा लागतो. अशा तोडग्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना आहे तो मायकोरायझाचा, म्हणजे मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीचा. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले आहेत, आणि त्यांच्या पेशींतही हे तंतू दिसतात. त्या वनस्पतींना खरी मुळेही नव्हती. जमिनीवर पाय रोवण्याच्या काळात क्षार आणून देण्याचे काम बुरशीनेच केले असावे. आजही बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत हा व्यवहार चालू आहे. तंतू मुळाच्या पेशीत शिरतो आणि तेथे अनेक फांद्या फुटलेल्या इवल्या झुडपाचा आकार घेतो. पेशीचे पटल फाटत नाही. ते त्या प्रत्येक फांदीभोवती लपेटून बसते, आणि या पातळ सीमेवरून स्फुरद झाडाकडे व साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीकडे जातात. हे झुडूप काही दिवसच टिकते, मग झाडाची पेशी त्याला विरघळवून टाकते आणि दुसरे तयार होते.

हा करार कायमचा नसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जमिनीत स्फुरद मुबलक असले की झाड बुरशीला मुळात फारसा शिरकाव करू देत नाही, कारण मग साखर खर्च करण्याचे त्याला कारण उरत नाही. उलट ऑर्किडसारख्या वनस्पतींचे धुळीसारखे बारीक बी जवळपास अन्नसाठ्याशिवाय जन्माला येते आणि बुरशीने पोसल्याशिवाय निसर्गात ते रुजत नाही; नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हे १८९९ साली लक्षात आले. जंगलातील झाडे या जाळ्यातून एकमेकांची काळजी घेतात, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. एका झाडाचे कर्ब दुसऱ्यात पोचल्याचे प्रयोग १९९७ पासून प्रसिद्ध आहेत, परंतु ते नेमके कोणत्या वाटेने गेले आणि त्याने दुसऱ्या झाडाचे कितपत भले झाले, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. बुरशीला स्वतःचे हित असते, हे त्या गोड चित्रात विसरले जाते.

कीटकांनीही बुरशीशी नाती जोडली आहेत. अमेरिका खंडांतील पानतोड्या मुंग्या पाने कापून आणतात ती खाण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यावर बुरशीची शेती करण्यासाठी. नवे वारूळ वसवायला निघालेली राणी तोंडातील लहानशा कप्प्यात जुन्या बागेतील बुरशीची गोळी बरोबर घेते. ती गोळी वाटेत मेली तर वसाहतच होत नाही. याच जंगलांत ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी दुसऱ्या प्रकारच्या मुंग्यांच्या शरीरात वाढते, मरणापूर्वी मुंगीला झाडावर चढून पानाची शीर जबड्यात घट्ट धरायला लावते, आणि मग तिच्या डोक्यामागून देठ काढून बीजाणू खाली सांडते.

माणसाला बुरशीने जे दिले ते सर्वज्ञात आहे, म्हणून त्यावर मी थोडेच बोलतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलियममध्ये जंतुनाशक द्रव्य आढळले आणि त्यातून पेनिसिलिन आले. अवयवरोपण शक्य करणारे सायक्लोस्पोरिन मातीतील बुरशीपासून मिळाले, आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा पहिला नमुना अकिरा एंडो यांनी पेनिसिलियमच्याच एका जातीतून वेगळा केला.

आता बदललेल्या परिस्थितीकडे वळू. अमेरिकेत १९०४ साली न्यूयॉर्कमधील चेस्टनटच्या झाडांवर एक करपा दिसला. ती बुरशी आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आली होती. आशियातील चेस्टनट तिला बऱ्याच अंशी सोसतात, पण अमेरिकी चेस्टनटांना तिची ओळखच नव्हती, आणि अर्ध्या शतकात अब्जावधी झाडे गेली. जमिनीखालची काही मुळे अजून जिवंत आहेत. त्यांना धुमारे फुटतात, ते काही वर्षे वाढतात आणि पुन्हा करपतात. वटवाघळांच्या बाबतीतही असेच घडले. न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत २००६ साली त्यांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. ही बुरशी थंडीतच वाढते, आणि शीतनिद्रेत वटवाघळाचे शरीर गुहेइतके थंड होते तेव्हाच तिचे फावते. त्वचेतील त्रासाने प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी वेळेआधी संपते आणि तो उपासमारीने मरतो. उत्तर अमेरिकेत अशी लाखो वटवाघळे मेली, आणि युरोपातील वटवाघळे मात्र त्याच बुरशीसोबत जगत आली आहेत. बेडकांच्या त्वचेवरील कायट्रिड बुरशीची कथा सर्वांत दुःखद आहे. तिचे मूळ पूर्व आशियात असून उभयचर प्राण्यांच्या व्यापारातून ती जगभर पसरली, असे जनुकांच्या अभ्यासातून दिसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार तिच्यामुळे किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. या तिन्ही बुरशी आपापल्या जुन्या शेजाऱ्यांबरोबर नांदत होत्या. त्यांना अनोळखी जिवांच्या दारात नेऊन सोडले ते, जवळजवळ निश्चितपणे, माणसाच्या ये-जा आणि व्यापाराने.

माणसाचे स्वतःचे शरीर बुरशीपासून बरेच सुरक्षित असते, याचे एक कारण त्याची ऊब आहे. ३७ अंश सेल्सिअसला बहुतेक बुरशी नीट वाढू शकत नाहीत. दुसरे कारण म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. म्युकरचे बीजाणू माती आणि हवेत सर्वत्र असतात, आपण ते श्वासातून घेतो आणि आपल्याला काही होत नाही. भारतात २०२१ साली करोनाची साथ, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अतिवापर एकत्र आले, तेव्हा त्याच बीजाणूंनी हजारो रुग्णांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले.

अशा वेळी हाती असलेली औषधे फार थोडी आहेत. बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की आपल्याला इजा न करता तिच्यावर घाव घालता येईल अशा जागा मोजक्याच सापडतात. त्यांपैकी एका जागेवर काम करणारी ॲझोल गटातील औषधे रुग्णालयांत वापरली जातात आणि त्याच गटाची औषधे पिकांवर फवारलीही जातात. त्यामुळे कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगॅटसला शेतातच त्यांची सवय होते, आणि ज्याने हे औषध कधी घेतलेले नाही अशा रुग्णाच्या फुप्फुसातही औषधाला न जुमानणारी बुरशी आढळते. आता ओलोरोफिम नावाचे वेगळ्या जागेवर घाव घालणारे औषध रुग्णांसाठी तयार होत आहे, आणि ते सर्रास वापरात येण्याआधीच, नेमक्या त्याच जागेवर काम करणारे इप्फ्लुफेनोक्विन हे पिकांचे औषध बाजारात आले आहे. एकाची सवय झालेली बुरशी दुसऱ्यालाही दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. म्हणून पिकांवरील बुरशीनाशकाला मंजुरी देताना त्याच जागेवर काम करणारे माणसांचे औषध तयार होत आहे का, हे आरोग्य खात्याला आधी विचारले जावे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत ती मंजुरी थांबवली जावी, असे मला आग्रहाने वाटते.