शर्यतीआधीची एमएक्स-५

(गॅरेज. फरशीवर पांढरा धूर.)

हा धूर कोरड्या बर्फाचा. शटर वर आहे ते त्यासाठीच. बंद जागेत त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू साचतो आणि जीव गुदमरतो.

गाडी माझ्दा एमएक्स-५, पहिल्या पिढीची, १.६ लिटर. इंग्लंडच्या हौशी रेसिंगमधली जुनी लाडकी. सीट, गालिचे, कापडी हूड निघाले. आवाज दाबायला कारखान्यात चिकटवलेला डांबरी थर तेवढा उरला. बर्फाने तो ठिसूळ होतो. हातोडीचा ठोका ऐका: पापुद्रे सुटतात. उन्हात हेच करायला गेलात तर हाताला नुसता चिकट लगदा.

(दाराखालची सिल. स्क्रूड्रायव्हर आत घुसतो.)

वरून रंग चकचकीत, आतून कुजलेलं. हुडावरचं पाणी सीटमागच्या नळीतून उतरतं. नळी पाल्याने तुंबली की ते सिलमध्ये मुरतं. गंज कापून नवा पत्रा वेल्ड होईपर्यंत रोल केजचं, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचं, नाव काढायचं नाही. मोटार रेसिंगची जागतिक संघटना एफआयए, तिच्या नियमात केजच्या प्रत्येक पायाला किमान ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट आणि तीन एम-८ (८ मिलिमीटरचे) बोल्ट लागतात. कुजक्या पत्र्यावर त्या प्लेटला काय अर्थ?

(ब्रेक ऑइलच्या पारदर्शक नळीत बुडबुडे.)

इंजिनाला हात लावलेला नाही. पहिल्या हंगामात लावूही नये, तो पैसा इथे घाला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्याची हमी १५५ पर्यंतच. उकळलं की पाय वाफ दाबतो आणि पेडल थेट फरशीला. म्हणून नवं ऑइल, रेसचे पॅड, स्टीलच्या जाळीचे होज. स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा ऑइलमधली हवा काढायची मागच्या डाव्या चाकापासून. पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून तेच सर्वांत लांब.

रेडिएटरची काळी प्लास्टिक टाकी तपकिरी दिसली तर बदला. तडा जायच्या बेतात आहे.

(चार चाकांखाली चार वजनकाटे.)

सीटवर चालकाच्या वजनाची वाळूची पोती. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, अँटी-रोल बारची, लिंक सोडलेली, नाहीतर आकडे फसवतात. पुढच्या उजव्या स्प्रिंगखालची रिंग वर चढवली की त्या चाकाचा आणि मागच्या डाव्याचा आकडा वाढतो, उरलेल्या दोघांचा उतरतो. डगमगत्या खाटेच्या एका पायाखाली पाचर सारावी, तसं. दर वेळी गाडी हलवून बसू द्यायची, मग वाचायचं. तिरक्या जोडीची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली की रिंग घट्ट.

(निळा त्रिकोण, त्यात लाल वीज.)

मार्शलसाठीचा, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यासाठीचा, वीज तोडणारा कटऑफ स्विच. इंजिन चालू ठेवूनच तपासा. वायरिंग चुकलं असेल तर बॅटरी तुटल्यावरही अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं जनित्र, वीज पुरवून इंजिन चालवत राहतो.

केजच्या नळ्या डोक्यालगत आल्या, त्यामुळे हेल्मेटशिवाय ही गाडी रस्त्यावर काढायची नाही. ब्रँड्स हॅचला, इंग्लंडमधल्या रेस ट्रॅकला, ती ट्रेलरवरून जाते.

(टॉर्क पान्याचा 'कट्'.)

चाकाचे नट, ११० न्यूटन-मीटर. पहिल्या सरावानंतर, चाकं निवली की, पुन्हा एकदा.