विहिरीच्या भिंतीतले पट्टे

यवतमाळ जिल्ह्यातली अर्धी खोदलेली विहीर. यारीची बकेट खाली निघाली आहे, तिच्यासोबत आपणही उतरू. नजर भिंतीवर ठेवा.

वर काळी माती. कपाशी-तूर हिच्याच जिवावर. मे महिन्यात हिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, वरच्या मातीचा भुगा भेगांत शिरतो आणि पावसात माती फुगून त्या मिटतात. दरसाल हेच चालतं. त्यामुळे हिच्यात पट्टे टिकतच नाहीत. ती स्वतःलाच नांगरते.

खाली चुनखडीचे खडे, मग पिवळट मुरूम. मुरूम सरला की पहार टणकन वाजते. हा मांजऱ्या खडक. लाव्हा निवताना त्यात बुडबुडे अडकले, पुढे पाण्यातल्या खनिजांनी त्या पोकळ्या भरल्या. पांढरे ठिपके दिसतायत ना, तेच. त्याखाली काळा पाषाण. इथे सुरुंगाशिवाय काम नाही.

आणि ही तांबडी रेघ, जेमतेम वीतभर. खोदणाऱ्यांना ती नकोशी. भिजली की ढासळते, बांधकामाचा खर्च वाढवते. खडक वाचणाऱ्यांच्या लेखी मात्र सगळ्या विहिरीत मोलाची हीच. पुरुषभर उंचीचा पाषाण एकाच लाव्हाचा, त्या मानाने झटपट घडलेला. ही रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. खडक निवला, ऊन-पावसाने कुजला, माती झाला आणि पुढच्या लाव्हाखाली भाजून निघाला. जाडीवरून काळ मोजायला गेलात तर फसाल.

गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. अशा उसंतीत तळीही साचली. नागपूरजवळ टाकळीच्या थरांत गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकातच ते अभ्यासले होते. वणीकडे तर लाव्हाहून कितीतरी जुने कोळशाचे थर खाणींत उघडे पडलेत.

विहिरीच्या काठावरही थर होते. कोणाचा दोर आधी, कोणी लांब उभं राहून ओंजळ पसरायची, हे ठरलेलं. पण हे थर माणसांनी रचलेले. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांना खुलं केलं. गावोगावच्या विहिरींना त्यानंतरही वेळ लागला.

पाणी? बहुतेकदा तांबड्या रेघेच्या वरच्या अंगाला पाझरतं. पण हा हिशोब पूर्णेच्या खोऱ्यात चालत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वर नदीचा जाड गाळ आहे. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण खारं.